दुसरी डिस्क आणि तिसरा अंक

झाशी
३ जुलै २०२५

ती. दामूदादास, शिरसाष्टांग नमस्कार.

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले आणि इतिहासाने त्यांची नोंद घेतली. गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद मात्र मलाच घ्यावी लागते आहे. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या मोदकांचा आकार दरवर्षी कसा घटत चालला आहे, यावर स्मरणिकेसाठी लेख लिहीत होते. शेवटच्या शब्दावर एक अनुस्वार राहिला होता. तो दिला, लेख जतन करायला गेले, तर संगणक म्हणाला, डिस्क भरली. एका टिंबाला जागा नाही. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत मी लग्नाचं अकरा माणसांचं वऱ्हाड झोपवलेलं आहे, आणि याला एक टिंब जड झालं.

संगणक तोच, दोन हजार साली तू स्वतःच्या हातांनी जोडून दिलेला. पडदा मागे हातभर लांब, आवाज पिठाच्या गिरणीचा. सुमेधने बंगळुरूहून लॅपटॉप पाठवला आहे, पण माझी बोटं जुन्या टाइपरायटरवर शिकली. लॅपटॉपवर 'मोदक' लिहायचा तर त्याला आधी इंग्रजीत समजावून सांगावा लागतो. लॅपटॉप मी विणकामाच्या पिशवीत ठेवते.

जागा कशाने भरली म्हणशील, तर सुमेधचे दहावीतले मोटारींचे खेळ आणि सन सहापासूनचे फोटो. त्यातलं काहीही पुसायचं नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी घरातलं काहीही टाकून देण्याला विरोध सुरू केला आहे. भीती कसली वाटते ते मला कळतं.

म्हणून दुसरी हार्ड डिस्क जोडायची आहे. सदर बाजारात चार दुकानं झाली. शेवटच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "आंटीजी, ये बेचने की चीज़ नहीं है. इसे तो टिकट लगाकर दिखाइए."

आता तू म्हणशील, आपला तर अबोला आहे. आहेच, आणि राहील. तू माझा सख्खा मामेभाऊ असूनही. २००२ च्या गणपतीत माझ्या 'निघतो आता' या नाटकाचा तिसरा अंक, पानं तीस, ज्या डिस्कवर होता ती तू उघडलीस, आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन सगळ्या कमिटीसमोर "डिस्क गेली" असं गाडी सुटल्यासारखं जाहीर केलंस. मंडळाला दोन अंकांवर पडदा टाकावा लागला. निघता निघत नाही अशा पाहुण्याच्या भूमिकेतले हरिभाऊ एक बूट पायात आणि एक हातात घेऊन तसेच बसले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं लिखाण होतं ते.

तेव्हा मी म्हटलं होतं, या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. फोन करू नकोस, उचलणार नाही. एक डिस्क पाठव. जुनी चालेल, रिकामी हवी.

विद्या


भुसावळ
११ जुलै २०२५

चि. विद्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तेवीस वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. सूरही नाही. मी पत्र दोन दिवस पंख्याखाली ठेवलं होतं, निवावं म्हणून. शेवटी तुझी पुष्पावहिनी म्हणाली, "उत्तर द्या, नाहीतर ती दुसरं पाठवेल."

सोबत दहा जीबीची डिस्क पाठवतो आहे. रिकामी आहे. तुला मोदकांवर आणखी चारशे वर्षं लिहिता येईल.

जोडायची कशी ते नीट वाच. आधी बटण बंद कर आणि प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे मी सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, अंगातली वीज उतरते. तुझ्या बाबतीत जरा जास्त वेळ लाव. आत करड्या रंगाची चपटी पट्टी दिसेल. तिचं एक टोक बोर्डात, दुसरं जुन्या डिस्कमध्ये आणि मधलं मोकळं. ते मोकळं नव्या डिस्कला लाव. पट्टीची लाल कड विजेच्या प्लगच्या बाजूला हवी. डिस्कच्या पाठीला पिना असतात. त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी बसते, तिला जंपर म्हणतात. एक नंबरची डिस्क कोण आणि दोन नंबरची कोण, हे ती टोपी ठरवते. ती मी दोन नंबरवर बसवून दिली आहे. तू तिला हात लावू नकोस.

कॅबिनेट उघडायला तुला स्क्रू ड्रायव्हर लागेल. पिवळ्या मुठीचा, मुठीवर 'दा' कोरलेला माझा स्क्रू ड्रायव्हर २००२ पासून तुमच्याकडे आहे. तो वापर. आणि मग परत पाठव.

दामोदर


झाशी
१९ जुलै २०२५

ती. दामूदादास,

आमच्याकडे पिवळ्या मुठीचा कुठलाही स्क्रू ड्रायव्हर नाही. कॅबिनेट आम्ही घरातल्या एका स्क्रू ड्रायव्हरने उघडलं. रंग विचारू नकोस.

आत धूळ इतकी की ह्यांनी आधी नमस्कार केला. हे टॉर्च धरायला होते. चारांतले तीन स्क्रू त्यांनी प्रकाश स्वतःच्या पायांवर पाडून हरवले आणि मग त्याच प्रकाशात शोधले. पट्टी लावली, लाल कड तू म्हणालास तिकडे केली, प्लग लावला, बटण दाबलं. गिरणी सुरू झाली आणि पडद्यावर आलं की या यंत्रात एकही डिस्क नाही. नवी नाही ती नाहीच, पण जुनीही दिसेना. पाहुणा घरात आला आणि घरधनीच बेपत्ता झाला. नवी काढली की जुनी दिसते, लावली की दोन्ही गायब. सहा वेळा करून पाहिलं.

सातव्या वेळी मी लेबल वाचलं. तू दहा जीबी म्हणाला होतास, लेबलावर २.१ आहे. सिग्नल खात्यात एवढा फरक चालतो का? मग मी डिस्क उलटी केली. मागे हिरव्या पोपटाचं स्टिकर. चोच नखाने खरवडलेली. ते स्टिकर सुमेधने सात वर्षांचा असताना, तू संगणक जोडत होतास तेव्हा, चिकटवलं होतं आणि त्याबद्दल माझ्या हातचा धपाटा खाल्ला होता.

दामूदादा, ही माझी डिस्क आहे. जी 'गेली' ती.

गेलेली वस्तू तेवीस वर्षं कोणी कागदात गुंडाळून ठेवत नाही. म्हणजे ती गेलेली नाही. म्हणजे माझा तिसरा अंक जिवंत आहे. मी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. ह्यांना वाटलं शॉक लागला.

दहा मिनिटांत मी रेवाला फोन केला. रेवा म्हणजे मंडळाची हल्लीची सेक्रेटरी. वडील बबिन्याच्या लष्करी छावणीत सुभेदार आहेत, वय चोवीस, मराठी कळतं झकास, बोलताना जरा डगमगतं. म्हणाली, "मावशी, तिसरा अंक मिळून गेला? मग आपण पूर्ण नाटक करू ना या गणपतीत. यजमानीण मी बनते. फक्त ळ कमी टाका." संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर जाहीर झालं, दोन सप्टेंबरची तारीख ठरली आणि बड्या बाजारातल्या छापखान्यात स्मरणिकेतल्या नाटकाच्या पानाचा कागद गेला.

हरिभाऊ आता एक्क्याऐंशीचे आहेत, मुलाकडे मोठ गावी असतात. त्यांचा स्वतःहून फोन आला. "विद्याताई, तेवीस वर्षं एक बूट घालून बसलोय. दुसरा घालायचा की नाही ते कळल्याशिवाय मला कुठे जाता येत नाही." तीच भूमिका तेच करणार आहेत.

तेव्हा मला एवढंच लिही, की दोन्ही डिस्क दिसण्यासाठी काय करायचं. बाकीचं तुला काय म्हणायचं ते मी डिस्क उघडल्यावर ठरवीन.

विद्या


भुसावळ
२४ जुलै २०२५

चि. विद्यास,

घाईत लिहितो आहे. चूक झाली. माझ्याकडच्या दोन्ही डिस्क पुष्पाने एकाच जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. मी चष्मा न लावता हात घातला. चुकीची तुझ्याकडे आली.

ती जोडू नकोस. ती मेलेलीच आहे. जोडलीस तर तुझं बाकीचं मशीनही खराब होईल, सुमेधचे फोटो जातील. परत पाठव, मी दहा जीबीची पाठवतो.

आणि छापखान्यातला कागद परत आण. हरिभाऊंना काही बोलली असशील तर आवर.

दामोदर


झाशी
२९ जुलै २०२५

ती. दामूदादास,

तुझं पत्र काल आलं. वाचून माझी खात्री पटली. यंत्र खराब होईल म्हणे. भीती तुला यंत्राची नाही, तिसऱ्या अंकाची आहे. तू तो भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्टेजवर स्वतःच्या नावाने केलास. मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "दामूला स्टेजवर साधा हार घालायला बोलावलं तरी घाम फुटतो." मी म्हटलं, वाङ्मयचोराला घाम हवाच.

आता ऐक. तुझ्या मदतीशिवाय डिस्क दिसली आहे. भिंग घेऊन लेबल वाचलं, त्यावर पिनांचं चित्रच छापलेलं आहे. तू टोपी लावलीस ती त्या दुसऱ्या डिस्कला. या बाईच्या डोक्यावर अजून एक नंबरची टोपी होती. तेवीस वर्षं साडीत गुंडाळून पडली होती, तरी हिला वाटत होतं की घर आपणच चालवतो आहोत. एका पट्टीवर दोन थोरल्या जावा, आणि दोघीही रुसून खोलीत. मी भुवयांचा चिमटा घेऊन टोपी उचलली आणि चित्रात दाखवल्याप्रमाणे दोन नंबरवर बसवली. टोपी बसेपर्यंत ह्यांनी टॉर्च सोडून माझं मनगट धरलं होतं. बटण दाबलं. पहिली म्हणाली मी आहे. दुसरी म्हणाली मीही आहे. आम्ही दोघं त्या खोलीत नाचलो. वय आणि फरशी दोन्ही विसरून. शेजारच्या मिश्राइन भाभी खिडकीतून विचारत होत्या, "बहू को कुछ हुआ का?"

मी अजून काहीही उघडलेलं नाही. एकटीने उघडणं बरं दिसत नाही. हरिभाऊ सकाळच्या बसने मोठहून आले आहेत, पिशवीत बूट घेऊन. रेवा आणि कमिटीची चार माणसं बाहेर बसली आहेत. पोहे झाले. मी पत्र इथे थांबवते आणि अंक उघडून झाला की पुरं करते. शेवटच्या ओळीत तुझी काय संभावना होणार आहे ते मनात तयार आहे.

संध्याकाळी.

उघडली.

मंडळींना मी सांगितलं की सगळं आहे, पानं तीस, फक्त जुन्या अक्षरांची मोडतोड झाली आहे ती नीट करून दहा ऑगस्टला वाचून दाखवते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हरिभाऊंनी बूट इथेच ठेवले आहेत.

विद्या


भुसावळ
३ ऑगस्ट २०२५

चि. विद्यास, आशीर्वाद.

शेवटी तू पाहिलंसच. मलाही पाठ आहे. "अंक तिसरा. पडदा उघडतो. पाहुणा दुसऱ्या बुटाकडे पाहतो." एवढंच. तीस पानं नव्हती, तीन ओळी होत्या.

त्या दिवशी डिस्कला काहीच झालं नव्हतं. पट्टी सैल झाली होती, दोन मिनिटांत बसवली. मशीन सुरू झालं. म्हटलं, फाइल शाबूत आहे का बघू. बघितली. बाहेर कमिटी चहा पीत होती, आणि तिथून तुझा आवाज येत होता, "सगळं त्याच्यातच आहे हो, पूर्ण तीस पानं." चार दिवसांवर प्रयोग. तू तेव्हा एकतीस वर्षांची, मंडळाने पहिल्यांदा कुणा बाईला नाटक लिहायला दिलेलं. बाहेर जाऊन काय सांगणार होतो? म्हटलं, डिस्क गेली. माझ्या घरची चार जीबीची आणून बसवली आणि ही खिशात घातली. ती टाकवली नाही.

तुला एकटीला गाठून सांगावं असं मनात होतं. पण तूच बोलत नव्हतीस. मग झाशीचा रेल्वे झोन बदलला, माझी भुसावळला बदली झाली, आणि एवढ्या वर्षांनी सांगायला जावं तर तुला खोटं पाडायला आल्यासारखं दिसलं असतं. तुझं ते तीस पानांचं लोकांना सांगणं अधूनमधून कानावर यायचं. पुष्पा म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, राहू दे, तिला त्यातले संवादही आठवायला लागलेत.

अजून उपाय आहे. मी रेवाला पत्र लिहितो की माझ्या चुकीने डिस्क पुन्हा गेली. शिव्या मला सवयीच्या आहेत. नुसतं हो कळव.

दामोदर


झाशी
५ सप्टेंबर २०२५

ती. दामूदादास, नमस्कार.

हो कळवलं नाही, कारण वेळ नव्हता. मी लिहीत होते.

तुझं पत्र सात तारखेला आलं. तोवर बावीस पानं झाली होती. खरंच, मला संवाद आठवत होते. डिस्क गेल्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून मी लोकांना त्यातले प्रसंग सांगत आले. दरवेळी एखादा वाढवायचे. २००२ साली, दोन दिवसांत लिहून टाकीन म्हणून थाप मारली होती. पुढे ती मलाच खरी वाटू लागली. तू बाहेर येऊन "गेली" म्हणालास तेव्हा मी रडले, ते मात्र खरं रडले. सुटल्यामुळे रडले, हे मला या जुलैपर्यंत कळलं नव्हतं. आणि सुटल्याबद्दल ज्याला शिव्या दिल्या त्याच्याकडेच डिस्क मागायला मला लाज वाटली नाही.

दहा तारखेला वाचन केलं. अंक असा आहे. पाहुणा बूट घालत नाही, कारण यजमानीणबाईंनी त्याला वाटेसाठी डबा कबूल केलेला असतो. डबा शेजाऱ्याने सांडला असं त्या सगळ्या आळीला सांगत असतात. शेजारीही मान खाली घालून "हो, सांडला" म्हणतो. शेवटी पाहुणा डबा उघडायला लावतो. डबा घासलेला, कोरडा. त्यात कधी काही भरलंच नव्हतं. इथवर वाचलं आणि हरिभाऊंनी कप खाली ठेवला. "म्हणजे दामूने..." एवढंच म्हणाले. मी मान हलवली. ते म्हणाले, "पुढे वाचा. बूट कुठे आहे?"

प्रयोग दोन तारखेला झाला. हॉल भरला. रेवाने ळ एकदाही चुकवला नाही. फक्त मधेच घाबरून "थांबा ना भाऊजी" ऐवजी "रुकिए ना भाऊजी" म्हणाली. त्यावर सगळ्यात मोठा हशा आला, म्हणून ते आता तसंच राहणार. हरिभाऊ वाकून दुसरा बूट घालत होते आणि नाडी बांधायला दीड मिनिट लागलं. मग उठले आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलले, "शेजारी भला माणूस हो. उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने." आणि निघाले. तेवीस वर्षांनी पाहुणा गेला. लोक उभे राहिले.

मी पडद्याआड होते. तिथेच राहता आलं असतं. बाहेर आले आणि माइकवर सांगितलं की डबा माझा होता. आधी लोक हसले, मग कळलं तसे पुन्हा हसले, आधीपेक्षा जास्त. मिश्राइन भाभी घरी जाताना म्हणाल्या, "बहू, तुम तो बड़ी झूठी निकलीं." कौतुकाने म्हणाल्या, असं मी धरून चालले आहे.

स्मरणिका सोबत आहे. नाटकाच्या पानावर माझ्या नावाखाली छापलं आहे, 'तिसरा अंक तेवीस वर्षे सांभाळला: दामोदर, भुसावळ'. छापखानेवाल्याने जागा नाही म्हणून सांगितलं होतं. मी मोदकांवरचा लेख काढून टाकला.

नवा अंक दुसऱ्या डिस्कवर ठेवला आहे, त्या तीन ओळींच्या खाली. पोपट तसाच आहे. ही डिस्क आली तशी पडद्यावर सीडीच्या खणाचं अक्षर 'डी'चं 'ई' झालं आणि ह्यांना त्यांच्या भजनांच्या सीड्या आठवडाभर सापडत नव्हत्या. मी म्हटलं, घरात माणूस वाढलं की खोल्या बदलतात.

रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते. फोन हॉलमध्ये आहे.

पार्सल उघडताना जपून. स्मरणिकेच्या खाली एक वस्तू जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आहे, तिचं टोक लागेल. मुठीवरचं 'दा' पुसट झालं होतं, ते मी सुईने पुन्हा कोरलं आहे.

विद्या